शंभर झाले की उतरायचं

ठाण्याच्या नौपाड्यात पेढे घ्यायला निघालेली माणसं दुकानाची पायरी चढण्याआधी एकदा मागे वळून बघायची. पोलिसाला किंवा बायकोला घाबरून नव्हे, आमच्या बाईंना घाबरून. बाई आमच्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये थोरल्या टेक्निशियन होत्या. तीस वर्षांत अख्ख्या नौपाड्याचं रक्त त्यांच्या डोळ्यांखालून गेलं होतं. त्यांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, आकडे मात्र पक्के राहत. लग्नाच्या मांडवात एखाद्या भारदस्त गृहस्थाला त्या सगळ्यांदेखत विचारायच्या, "काय हो दोनशे दहा, आता किती आहे?" आणि ते गृहस्थ हातातली जिलबी मुकाट्याने शेजारच्याच्या ताटात ठेवायचे.

मॅडम म्हटलेलं त्यांना खपत नसे. "मॅडम म्हटलं की मागून काहीतरी सही मागतात," असं म्हणायच्या. म्हणून लॅबच्या मालक डॉक्टरांपासून झाडू मारणाऱ्या मावशींपर्यंत सगळे त्यांना बाईच म्हणायचे. उंचीने बेताच्या, केस मानेवर कापलेले, आणि अंगात बारा महिने पांढरा कोट. हा कोट रविवारी सायकलवरसुद्धा असायचा. उन्हाला याच्याइतकं चांगलं काही नाही आणि खिसे खोल आहेत, हे त्यांचं म्हणणं. त्यापायी घोडबंदरच्या घाटात एकदा एका ट्रक ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली आणि "डॉक्टरसाब, पेट में बहुत जलन होती है" म्हणून गाऱ्हाणं मांडलं. आपण डॉक्टर नाही हे बाईंनी त्याला दोनदा सांगितलं. त्याने ऐकलं नाही. मग बाईंनी सायकलला टेकून त्याची पंधरा मिनिटं चौकशी केली आणि उपाशीपोटी चहा पिऊ नकोस असं सांगून त्याला पुढे धाडला.

महिन्यातला एक रविवार सायकलचा असायचा. कोपरीतल्या त्यांच्या तळमजल्याच्या घरात चार सायकली होत्या आणि राहणाऱ्या त्या एकट्या. बाकीच्या तीन पाहुण्यांसाठी. लोक पाहुण्यांसाठी गाद्या ठेवतात. मी डोंबिवलीचा, कोर्स संपवून चोविसाव्या वर्षी या लॅबला लागलेला. घरोघर फिरून रक्त गोळा करणारा आमचा संत्या कळव्याचा. आम्हा दोघांना बाईंनी कधी सक्ती केली नाही. पहिल्या रविवारी मी पोट बिघडल्याची थाप मारून घरी झोपलो, तेव्हा सोमवारी त्यांनी माझ्या टेबलावर खेकड्याची एक वाळलेली नांगी आणून ठेवली. "ही तुझ्या वाटणीची," एवढंच म्हणाल्या आणि कामाला लागल्या. ती नांगी दिवसभर माझ्याकडे रोखलेली होती. पुढच्या महिन्यात मी सहाच्या आत कोपरीत हजर.

कोपरीच्या खाडीकाठावरून सुरुवात व्हायची. मग रुळांखालून पश्चिमेला, माजिवडा, बाळकुम, कोलशेतची खाडी, आणि पुढे घोडबंदर रोड धरून गायमुखचा घाट ओलांडून घोडबंदरच्या किल्ल्यापर्यंत. जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. एका अंगाला मेट्रोचे खांब आणि मान मोडेल इतके उंच टॉवर, आणि जरा आत वळलं की तिवरांचं रान, चिखल, पाणी, चिखलात उड्या मारणारे निवटे मासे. ठाण्यात जन्म काढलेल्यांनाही हे दुसरं ठाणं ठाऊक नसतं, मी तर खाडीच्याही पलीकडचा. "बाई, जायचं ते किल्ल्यापर्यंतच का?" मी एकदा विचारलं. "परत फिरायला एखादी भिंत लागते रे," त्या म्हणाल्या, "नाहीतर हा रस्ता अहमदाबादला जातो."

आता काउंटरबद्दल सांगायला हवं, कारण बाईंची गोष्ट म्हणजे अर्धी त्या काउंटरची गोष्ट आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी पाच प्रकारच्या असतात. काचेच्या पट्टीवर, म्हणजे स्लाइडवर, रक्ताचा थेंब पसरायचा, मायक्रोस्कोपमध्ये डोळा घालून एकेक पेशी बघायची, आणि ज्या प्रकारची दिसेल त्याचं बटण दाबायचं. त्यासाठी पाच बटणांची पत्र्याची पेटी असते. प्रत्येक बटणावर त्याचा आकडा दाखवणारी छोटी खिडकी आणि कडेला एकूण बेरजेची मोठी. बेरीज शंभर झाली की टिंग करून घंटा वाजते. आमच्या लॅबमध्ये नवा काउंटर आला तेव्हा जुना बाईंनी मागून घेतला आणि सायकलच्या हँडलवर सुतळीने बांधला. बटणांवर चिकटपट्टी लावून बॉलपेनने लिहिलं: बगळे, शराटी, खंड्या, घार. पाचव्या बटणावर लिहिलं: माहीत नाही. शराटी म्हणजे वाकड्या चोचीने चिखल चाळणारे पक्षी, हे मला बाईंकडूनच कळलं.

वाटेत जीव दिसला की बटण दाबायचं. शंभर झाले, घंटा वाजली, की असू तिथे उतरायचं. पाणी, खाणं, गप्पा, सगळं तिथे. बाईंना दम लागला म्हणून किंवा संत्याला चहाची टपरी दिसली म्हणून कोणी उतरायचं नाही. थंडीत खाडीवर थवे उतरलेले असले की पाच-दहा मिनिटांतच पुन्हा खाली पाय टेकावे लागत, आणि उन्हाळ्यात घशाला कोरड पडली तरी घंटा वाजत नसे. एकदा ती एका मंगल कार्यालयाच्या दारात वाजली. नवरदेव घोड्यावरून उतरत होता, आम्ही सायकलींवरून. मुलीकडच्यांनी आम्हांला वऱ्हाडी समजून पन्हं दिलं. आणि एकदा वाजली ती स्मशानाच्या फाटकाशी. संत्या काकुळतीला आला. "बाई, इथे नको ना यार. दोन मिनटं पुढे जाऊ."

"दोन मिनिटं पुढे थांबायचं असतं, तर हा शेवटचा बगळा दोन मिनिटं उशिरा आला असता," बाई म्हणाल्या आणि त्यांनी तिथेच डबा उघडला.

डबा म्हणजे रक्ताचे नमुने न्यायची थंड पेटी. नवी कोरी, एकदाही त्या कामाला न वापरलेली, पण झाकणावर लाल अक्षरांत 'रक्तनमुने' असं छापलेलं. तिच्यात थालीपिठं आणि लोण्याचा गोळा. किल्ल्यावर फोटो काढायला आलेली जोडपी ती पेटी उघडताना बघायची आणि जरा लांबची सावली शोधायची.

पाचव्या बटणाचा बाईंना विशेष अभिमान होता. एकदा कोलशेतला भल्या सकाळी तिवरातून काहीतरी बाहेर आलं आणि आम्हांला बघून परत आत गेलं. संत्या म्हणाला कुत्रा, मी म्हटलं मुंगूस. बाईंनी 'माहीत नाही' दाबलं, सायकल स्टँडला लावली आणि चिखलाच्या कडेला उभ्या राहिल्या. वीस मिनिटांनी ते जनावर पुन्हा आलं. कोल्हा होता. टॉवरांच्या सावलीत, चक्क कोल्हा. आम्ही वेडेच झालो. "आता तो आकडा खोडा ना बाई, आता माहीत झालं," मी म्हटलं. बाईंनी मान हलवली. "पहिल्यांदा पाहिला तेव्हा माहीत नव्हतं, हे खरंच होतं ना? मग राहू दे."

किल्ल्यावर पोचल्यावर मात्र मोजणं बंद. बुरुजाखाली बसून आधी त्या खिडक्यांतले आकडे वहीत उतरवून घ्यायच्या, मग काउंटर पालथा ठेवायच्या आणि बुरुजावर जाऊन अर्धा तास खाडीकडे बघत बसायच्या. किल्ला कोणी बांधला, कोणी जिंकला, हे त्यांनी आम्हांला कधी सांगितलं नाही. "ते फलकावर लिहिलंय, वाचून घ्या," म्हणायच्या. "मोजायचं ते वाटेत. इथे नुसतं बघायचं." त्या अर्ध्या तासात त्यांच्याशी बोललेलं चालत नसे. मी आणि संत्या सावलीत आडवे व्हायचो. खरं सांगायचं तर तेव्हा मला त्या बघण्यातलं काही कळत नव्हतं. मला थालीपीठ कळायचं.

मी लॅबला लागलो त्याच वर्षी दिवाळीनंतर तापाची साथ आली. दारात रांगा, टेबलावर स्लाइडींचा ढीग. आमची लॅब लहान, यंत्र जुनं, पेशींचे प्रकार डोळ्यांनीच मोजावे लागत. एका स्लाइडला सहा-सात मिनिटं. मी बुधवारी थकून एक स्लाइड न मोजताच लिहून टाकली: साठ, पस्तीस, तीन, दोन, शून्य. चांगल्या माणसाचं रक्त साधारण असंच असतं. कोणाला काही कळलं नाही. मग गुरुवारी चार लिहिल्या. शनिवारपर्यंत माझा हात इतका बसला की दुसऱ्या कोणाचं बोलणं ऐकत ऐकतही मी साठ-पस्तीस लिहू शकत होतो. डोंबिवलीची गाडी वेळेवर मिळू लागली, आणि आपण हुशार आहोत असंही मला वाटू लागलं.

त्या रविवारी बाईंचं मनगट लचकलं होतं, म्हणून काउंटर माझ्या हँडलवर बांधला. कोलशेतला मी नीट मोजलं, घंटा वाजली, उतरलो, बाईंनी आकडे लिहून घेतले आणि शून्यावर आणून पुन्हा निघालो. गायमुखजवळ माझ्या पायांत गोळे आले. पुढे घाट दिसत होता आणि खिडकीत जेमतेम वीस. मी आजूबाजूला पाहिलं. बाई पुढे, संत्या मागे. मी अंगठ्याने दाबत सुटलो. दहा बगळे, आणखी दहा बगळे, असे सत्तर बगळे, पाच शराटी, पाच घारी. टिंग. आम्ही उतरलो. पाण्याची बाटली तोंडाला लावताना मी संत्याला डोळासुद्धा मारला. बाईंनी आकडे बघितले आणि वहीत उतरवून घेतले. माझ्या अंगात चढायची ताकद आली आणि आम्ही घाट ओलांडला.

किल्ल्यावर बुरुजाखाली त्यांनी वहीतलं गायमुखचं पान उघडून माझ्यापुढे धरलं. "वाच."

"बगळे ऐंशी, शराटी दहा, खंड्या पाच, घार पाच, माहीत नाही शून्य."

"शून्य?"

"हो बाई. सगळे ओळखीचेच होते."

"कोलशेतला तुला अकरा माहीत नव्हते. तीन वर्षांच्या या वहीत माझा पाचवा आकडा एकदाही शून्य नाही." त्या अजिबात चिडल्या नव्हत्या, हेच मला खटकलं. "जो बघतो ना, त्याला थोडं तरी माहीत नसतंच. हे पाहिलेले नाहीत. हे दाबलेले आहेत."

मी हसलो. "पाय दुखत होते बाई. बगळेच तर आहेत."

"हं. बगळेच आहेत." त्यांनी वही मिटली. "बुधवारपासूनचे तुझे रिपोर्ट काल रात्री चाळले. साठ, पस्तीस, तीन, दोन, शून्य. पुन्हा साठ, पस्तीस, तीन, दोन, शून्य. मनात म्हटलं, नौपाड्याचं रक्त एकाएकी इतकं एकमताने कसं वागायला लागलं? स्लाइडी पाहिल्यास का?"

खोटं बोलायची हिंमत झाली नाही, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल. मी म्हटलं, "नाही."

"किती?"

"वीसेक असतील."

"कालचे बाळकुमचे आजोबा?"

तीन आठवडे ताप न उतरलेला म्हातारा. रिक्षातून उतरवताना सुनेने आणि रिक्षावाल्याने दोन बाजूंनी धरलं होतं. मलेरिया आहे का, आणखी काही वाईट आहे का, स्लाइड बघून कळवा, असं त्यांच्या डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहून दिलं होतं. आणि मी ती स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवलीसुद्धा नव्हती. 'स्लाइडवर विशेष काही नाही' असं लिहून मी गाडी पकडायला पळालो होतो.

बाई बुरुजावर चढल्याच नाहीत. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्या खाडीकडे न बघता सायकलकडे वळल्या. "चल."

परतीच्या वाटेत काउंटर त्यांनी पेटीत टाकला होता. डोक्यावर बाराचं ऊन, समोरून वारा, आणि कुठे थांबायचं नाही. बगळे होते तिथेच होते, कोणी मोजत नव्हतं. तो म्हातारा रात्रीतून गेला असला तर, हा एकच विचार माझ्या डोक्यात पॅडलबरोबर फिरत होता. संत्या सगळं ऐकून होता. लॅबच्या दारात तो म्हणाला, "काय केलंस रे हे."

लॅबची किल्ली बाईंकडे असायची. त्यांनी स्लाइड शोधून काढली. नवा काउंटर डॉक्टरांच्या खोलीत कुलपात होता, म्हणून पेटीतला जुना काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, त्या स्वतः बघतील. त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. "मी नाही बघणार. तू बघ."

मी बघू लागलो. पहिल्या प्रकारच्या पेशीला बगळे, दुसऱ्या प्रकाराला शराटी. एक पेशी मला ओळखेना, तेव्हा मी पाचवं बटण दाबलं आणि बाईंकडे पाहिलं. त्यांनी वाकून डोळा लावला. "शराटीच आहे, जरा फुगलीय. पण तुला माहीत नव्हती ना? राहू दे." घंटा वाजली. अठ्ठावन्न, पस्तीस, चार, दोन, आणि माहीत नाही एक. मग अर्धा तास अख्खी स्लाइड कडेपासून कडेपर्यंत मलेरियासाठी पाहिली. काही नाही. खरोखरच विशेष काही नव्हतं. मी लिहिलं होतं तेच जवळजवळ निघालं.

मी खुर्चीतून उडालोच. "बाई, बरोबर होतं! बरोबर निघालं!"

"चुकून ना?"

"हो, पण..."

"मग सायकल घे. बाळकुमला जाऊन सांगून ये."

"काय सांगू? रिपोर्ट तर तोच आहे."

"तेच सांग."

बाळकुमला टॉवरांच्या मधे जुन्या गावाची चार-पाच घरं अजून उभी होती. आजोबा ओट्यावर घोंगडी पांघरून बसलेले. जिवंत होते, हे बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सुनेने दार उघडलं, मी नवा रिपोर्ट पुढे केला आणि अडखळत सगळं सांगितलं. आजोबांनी दोन्ही कागद मांडीवर शेजारी शेजारी ठेवून निरखले.

"मंग त्यान बदाल काय झाला?"

"तसं काही नाही आजोबा. दोन-तीन आकडे जरा इकडचे तिकडे."

"मंग तू आलास कशाला उनातानाचा?"

"काल मी न बघता लिहिलेलं. आज बघून लिहिलंय."

सून माझ्याकडे अशी बघत होती की हिने आता खेटर काढलं तरी मी हललो नसतो. म्हातारा मात्र बराच वेळ कागदांवर बोट फिरवत राहिला. "आमी मिठागरान होतो," तो म्हणाला. "मापाला बसलेला मानूस पन कदी कदी डोले मिटून माप टाकाचा. आमाला कलाचा. पन परत सांगाला कोन नाय आला कदी." मग सुनेला म्हणाला, "याला च्या टाक. साकर घाल नीट." पुढे दुसऱ्या तपासणीत त्यांना टायफॉइड निघाला आणि ते बरे झाले.

गोष्ट इथे संपली असती तर मी आयुष्यभर स्वतःला नशीबवान समजत राहिलो असतो. पण बाईंनी त्या वीसच्या वीस स्लाइडी माझ्याकडून पुन्हा मोजून घेतल्या. सोमवारी काम संपल्यावर सहा झाल्या, सगळ्या ठीक. मंगळवारी सातवी लावली, ती एका कॉलेजातल्या मुलीची होती. तांबड्या पेशींत बारीक अंगठ्या दिसल्या. मलेरिया. तिच्याही कागदावर माझ्या अक्षरात 'विशेष काही नाही' असं होतं. मी बाईंना बोलावलं. त्यांनी पाहिलं आणि फोन माझ्यासमोर ठेवला. त्या मला ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मुलीला त्याच संध्याकाळी औषध सुरू झालं, ती वाचली. पण तिच्या आईचा फोनवरचा आवाज मी अजून विसरलेलो नाही.

डॉक्टरांना मी स्वतःच सगळं सांगितलं, कारण बाई माझ्या मागे उभ्या होत्या. डॉक्टर उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "हाकललंत तर दुसरीकडे जाऊन दाबेल. इथे ठेवलंत तर बघेल. मी बघते त्याच्याकडे." पुढचं वर्षभर माझी प्रत्येक स्लाइड त्यांनी पुन्हा पाहिली. स्वतःचं काम सांभाळून, रोज दोन तास जास्त थांबून. आणि पुढच्या सायकलच्या रविवारी कोपरीत पोचलो तेव्हा त्यांचं मनगट पूर्ण बरं झालेलं होतं, तरी काउंटर माझ्याच हँडलवर बांधलेला होता. सुतळीची गाठ बघून मला रडू आलं, आणि संत्याला दिसू नये म्हणून मी वाकून चाकातली हवा तपासत बसलो.

मग त्या निवृत्त झाल्या. लॅबमध्ये नवं यंत्र आलं, आता पेशी तेच मोजतं, शंका आली तरच माणसाने स्लाइड बघायची. मी थोरला टेक्निशियन झालो. महिन्याचा रविवार मात्र चालू राहिला. दोन वर्षांनी संत्या एक नमुना घेऊन आला आणि ट्रेमध्ये न ठेवता माझ्या हातात दिला. नळीवर बाईंचं नाव होतं. थकवा वाटतो म्हणून त्यांनी स्वतःच बोलावून रक्त दिलं होतं. यंत्राने शंका दाखवली. मी स्लाइड लावली, आणि पहिल्याच नजरेत कळलं. एकाच प्रकारच्या पेशी, दाटीवाटीने, काही फुटून पसरलेल्या. मी शंभर मोजल्या. मग पुन्हा शंभर. मग आणखी शंभर. तिन्ही वेळा तेच.

रिपोर्ट डॉक्टरांना दाखवून मी फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "किती मोजलेस?"

"तीनशे."

"का?"

"बाई, तुमची स्लाइड..."

"माझ्या नावाला वेगळा नियम कशाला? शंभरच मोजायचे. माणूस बघून मोजणं वाढवलंस, तर उद्या माणूस बघून कमीही करशील." मग हलक्या आवाजात, "काय दिसलं?"

मी सांगितलं. काही लपवलं नाही, काही मऊ केलं नाही. तेवढीच गुरुदक्षिणा माझ्याकडे होती.

रक्ताच्या कर्करोगातला हा संथ चालणारा प्रकार, म्हातारपणी होणारा. मोठ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आत्ता औषध नको, दर काही महिन्यांनी रक्त बघायचं आणि लक्ष ठेवायचं. हे मला सांगताना बाई इतक्या खूश होत्या की कोणाला वाटावं, बक्षीस लागलंय. "अरे, नुसतं बघत राहायचं म्हणाले! उभ्या जन्मात दुसरं काय केलंय मी?" त्यानंतर त्या तीन थंड्या किल्ल्यावर आल्या. तिसऱ्या थंडीत घाट चालत चढल्या, सायकल हातात धरून, आणि आम्ही उतरलो तर म्हणाल्या, "घंटा झालीय का? मग चढा सायकलवर." आम्ही त्यांच्या शेजारून इतक्या हळू चालवली की दोनदा पडलो.

त्या गेल्या त्या निमोनियाने, चार दिवसांत. दहाव्या-बाराव्याच्या गडबडीनंतर त्यांच्या पुतणीने 'रक्तनमुने' लिहिलेली पेटी माझ्याकडे पाठवली. आत काउंटर होता आणि वही. ताप यायच्या आदल्या सकाळी बाई एकट्याच कोपरीच्या काठावर चक्कर मारून आल्या होत्या, असं ती म्हणाली. घंटा वाजायच्या आत परतल्या असाव्यात, कारण आकडे तसेच होते. बगळे बावीस, शराटी सहा, खंड्या चार, घार दोन, माहीत नाही सात. एकूण एक्केचाळीस.

पुढच्या रविवारी मी काउंटर हँडलला बांधत होतो. संत्या म्हणाला, "झीरो करू का रे?" मी नको म्हटलं. आम्ही निघालो आणि मी त्याच आकड्यांवरून पुढे मोजत गेलो. बाळकुमला ती जुनी घरं आता राहिलेली नाहीत. कोलशेतला पाणी ओसरलं होतं, शराटी चिखलात चोच खुपसत होत्या. पाचेक जीव मला माहीत नव्हते, ते मी पाचव्या बटणावर टाकले. गायमुखच्या अलीकडे, मी पूर्वी जिथे दाबत सुटलो होतो त्याच्या थोडं आधी, तारेवर एक खंड्या बसला होता. टिंग. आम्ही उतरलो.

मी वही काढली आणि पेन अडलं. शंभरांतले एकोणसाठ मी पाहिले होते. एक्केचाळीस मी पाहिले नव्हते, आणि न पाहिलेलं लिहायचं नाही हे मला ज्यांनी शिकवलं त्यांचीच ती वही होती. संत्या बाटली पुढे करून उभा होता, काय झालं विचारत होता. पण ते एक्केचाळीस कोणीतरी एकेक करून, नीट, डोळे उघडे ठेवून पाहिले होते, याची मला जितकी खात्री होती तितकी माझ्या एकोणसाठांचीही नव्हती. मी शंभर लिहिले.